वायरीत दोष नव्हता

भवानी पेठेत गुरुबसप्पांचं दोरे, बटणं आणि लेसचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच घर. पेठेतले शिंपी काय किंवा घरोघरी ब्लाऊज शिवणाऱ्या बायका काय, सगळ्यांना गुरुबसप्पा ठाऊक. कापडाचा एवढासा तुकडा दाखवला की त्याच छटेचं रीळ काढून हातावर ठेवणार. कपाळाला विभूती, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा आणि तोंडात गोड बोलणं. आपल्या घराकडे कुणी बोट दाखवू नये, एवढीच त्यांची आयुष्यभराची हौस. हौस तशी वाईट नव्हती. पण तिच्यापायी त्यांनी जे केलं, ते आठवलं की आजही त्यांचे कान तापतात.

भुवनेश्वरी त्यांची एकुलती एक मुलगी. एम.एस्सी. झालेली, एका खासगी शाळेत गणित शिकवणारी. मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता तिला ताप आला. ताप गेला, पण अंगातलं त्राण परत येईना. शाळेचा जिना चढताना मध्येच थांबावं लागायचं. छातीत कधी धडधड सुटायची, तर कधी ठोका चुकल्यासारखं होऊन पोटात खड्डा पडायचा. घराजवळच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं. निंगव्वांनी, म्हणजे तिच्या आईनं, दृष्ट काढली. आणि एक दिवस फळ्यावर गणित सोडवता सोडवता भुवना वर्गातच कोसळली.

मग सोलापुरातल्या हृदयाच्या डॉक्टर मॅडम झाल्या, पुण्याच्या तपासण्या झाल्या, एमआरआय झाला. शेवटी मॅडमनी नवराबायकोला समोर बसवून समजेल अशा भाषेत सांगितलं.

"जंतूंशी लढायला आपल्या अंगात एक फौज असते. हिची फौज चुकलीय. ती हिच्याच हृदयाला परकं समजून त्याच्यावर तुटून पडलीय. त्यामुळं हृदयाच्या स्नायूला सूज आलीय. हृदयाचे ठोके एका प्रकारच्या विजेवर चालतात. सुजलेल्या जागी त्या विजेची वाट बिघडते आणि हृदय मध्येच उधळतं. त्या दिवशी वर्गात तेच झालं."

"पण हिनं कधी कुणाचं वाईट केलं न्हाय हो," निंगव्वा रडत म्हणाल्या.

"वाईट करण्या न करण्याचा यात काही संबंध नाही, आई. कुणालाही होऊ शकतं."

सूज उतरवण्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. शिवाय डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत काडेपेटीएवढं मशीन बसवलं. हृदय उधळलं तर ते आतल्या आत झटका देऊन त्याला ताळ्यावर आणणार होतं. मॅडमनी बजावलं होतं, "एक झटका बसला तर मला लगेच फोन करा. लागोपाठ दुसरा बसला तर फोनही करत बसू नका, सरळ दवाखान्यात या. आणि गोळ्यांना माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. कमी करायच्या त्या मी सांगेन तशा, हळूहळू."

भुवना घरी आली. गुरुबसप्पांनी पेठेत सांगून टाकलं की मुलगी कसलासा कोर्स करायला पुण्याला गेली होती. शाळेला कळवलं, मणक्याचा त्रास आहे. निंगव्वांच्या सख्ख्या भावालासुद्धा खरं सांगितलं नाही. भुवना सुरुवातीला चिडली.

"अप्पा, यात लपवण्यासारखं काय आहे? मी काय चोरी केलीय?"

"तुला न्हाय कळायचं ते," गुरुबसप्पा म्हणाले. "लोकांच्या तोंडात एकदा गेलं की निघत न्हाय. 'हृदयाची पेशंट' म्हणून शिक्का बसला तर तुझं लग्न कोण करंल?"

गोळ्यांनी ती सावरत होती. दम लागायचा थांबला, धडधड कमी झाली. पण त्याच गोळ्यांनी तिचा चेहरा सुजायला लागला. गाल फुगले, हनुवटी गोल झाली, डोळे आत गेल्यासारखे दिसू लागले. दुकानात बायका विचारायच्या, "भुवना लई अंगानं भरली की हो!" गुरुबसप्पा हसून रीळ गुंडाळत राहायचे आणि मनातून कुढायचे.

अशातच सिद्धप्पानं स्थळ आणलं. सिद्धप्पा निंगव्वांचा चुलतभाऊ. मंद्रूपच्या चनमल्लप्पांचा मुलगा अनिलकुमार वीज कंपनीत ज्युनिअर इंजिनिअर होता. शेती पाण्याखालची, घर आपल्याच समाजातलं, माणसं सरळ. भुवनाचा जुना फोटो त्यांना आवडला होता. उन्हाळ्यात बघायला येतो म्हणाले.

गुरुबसप्पांना फोटोतली भुवना दिसली आणि समोरची भुवना दिसली. त्यांनी मनाशी काय ते ठरवलं.

"गोळी अर्धी घे आता," एका सकाळी ते तिला म्हणाले. "बरी झालीस की तू."

"मॅडमनी सांगितलंय का?"

"मॅडमला काय, त्या वर्षभर चालू ठेवतील. एकदा ती माणसं बघून जाऊ देत. मग घे की परत, कोण नको म्हणतंय?"

वडिलांशी भांडून भांडून ती थकली होती. खरं सांगायचं तर आरशातल्या त्या गोल चेहऱ्याची तिलाही चीड आली होती. तिनं गोळी मोडली. पुढं काही दिवसांनी गुरुबसप्पांनी ती अर्धीही बंद करायला लावली. उरलेली पाकिटं त्यांनी स्वतः कपाटात वर ठेवून दिली. चेहऱ्याची सूज हळूहळू उतरली. गुरुबसप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी दुकानातली सगळ्यात भारी लेस काढून तिच्या नव्या ब्लाऊजला लावायला दिली. गळा मात्र बंद ठेवायला सांगितला, खांद्याखालचा व्रण झाकायला.

मध्येच एकदा निंगव्वा म्हणाल्या, "तिला परत धडधडतंय म्हणते. मॅडमकडं जाऊन येऊ या का?"

"बघायला येणारेत म्हटल्यावर कुणाच्याही छातीत धडधडतंय की," गुरुबसप्पा म्हणाले. आणि विषय तिथंच मिटवला.

पाहुणे आले त्या दिवशी सोलापूर नुसतं भाजत होतं. डांबर पायाला चिकटत होतं. वरच्या खोलीत कूलर लावला होता, पंखा जोरात होता. सिद्धप्पा, चनमल्लप्पा, त्यांच्या पत्नी काशम्मा आणि अनिलकुमार असे चौघं आले. 'शरणु शरणार्थी' म्हणत नमस्कार झाले, पाणी झालं, उप्पीट झालं. चनमल्लप्पा मोजकं बोलणारे. काशम्मा मात्र घरात येताच निंगव्वांशी कानडीत सुरू झाल्या, दोघींचं माहेर अक्कलकोटकडचं निघालं. अनिलकुमार सावळा, शांत मुलगा. गुरुबसप्पांना तो बघताक्षणीच पसंत पडला. सगळं जुळून येतंय, असं वाटून त्यांचा ऊर भरून आला.

चहाचा ट्रे घेऊन भुवना आली. बंद गळ्याचं जांभळं ब्लाऊज, मोराच्या रंगाची इरकल. ती खोलीच्या मध्यापर्यंत आली आणि थबकली. तिच्या कपाळावर घाम होता. गुरुबसप्पांना वाटलं, लाजली. दुसऱ्याच क्षणी तिच्या छातीवर आतून कुणी लाथ मारावी तशी ती उसळली. तिच्या तोंडून किंकाळी निघाली. ट्रे हवेत उडाला, कप फुटले, चहा चनमल्लप्पांच्या धोतरावर गेला आणि भुवना भिंतीला टेकून खाली बसली.

सगळे उभे राहिले. "काय झालं? काय झालं?"

काय झालं ते गुरुबसप्पांना कळलं होतं. मशीननं झटका दिला होता. पण त्या क्षणी त्यांना मुलीचा चेहरा दिसण्याआधी पाहुण्यांचे चेहरे दिसले. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "शॉक! शॉक बसला तिला! कूलरचा शॉक बसला!"

भुवनानं मान वर करून वडिलांकडे पाहिलं. ती नजर गुरुबसप्पांनी चुकवली.

"कूलरला कुणी हात लावू नका," अनिलकुमार पटकन पुढं झाला. त्याचा आवाज एकदम कामावरच्या माणसाचा झाला होता. "आई, तू लांब हो. मेन स्विच कुठं आहे, काका?"

"जिन्यात... जिन्यात आहे. पण राहू दे हो, पाहुण्यानं कशाला..."

"तसं चालणार नाही. पत्र्यात करंट उतरला असेल तर पुढचा माणूस जाईल." त्यानं दारातले बूट पायात घातले, घरात बूट घालतो म्हणून माफी मागितली, जिन्यात जाऊन मेन बंद केला. पंखा थांबला, कूलर थांबला. खोलीत एकदम शांतता झाली आणि उकाडा अंगावर आला. अनिलकुमार खाली जाऊन गाडीतून टेस्टर आणि पकड घेऊन आला.

निंगव्वा आणि काशम्मांनी भुवनाला धरून स्वयंपाकघरात नेलं. ती तिकडे जात असताना अनिलकुमारनं तिला मायेनं विचारलं, "तुमचा हात नेमका कुठं लागला होता?"

गुरुबसप्पाच म्हणाले, "पत्र्याला. कूलरच्या पत्र्याला लागला. व्हय ना गं?"

"हो," भुवना म्हणाली. "पत्र्याला."

अनिलकुमार कूलरपाशी गुडघे टेकून बसला. त्यानं मागची जाळी काढली, वायर बघितली, प्लग उघडला. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. आत नीट दिसेना तसा म्हणाला, "काका, जरा मोबाईलचा टॉर्च धरता का?" गुरुबसप्पांनी टॉर्च धरला. पण त्यांचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं, उजेड भलतीकडेच पडत होता.

"घाबरू नका, सापडेल," तोच त्यांना धीर देत होता.

धोतर पिळून चनमल्लप्पा खुर्चीवर बसले होते. सिद्धप्पा कुणी न विचारता सांगत होता, "घर जुनं हाय ना, वायरिंग जुनं."

निंगव्वा स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि त्यांनी नवऱ्याला खुणेनं बोलावलं. गुरुबसप्पा टॉर्च सिद्धप्पाच्या हाती देऊन आत गेले. काशम्मा भुवनाच्या तळपायांना तेल चोळत होत्या, म्हणून भुवना हळू आवाजात बोलली.

"अप्पा, मॅडमना फोन करू द्या. मला अजून ठीक वाटत नाही. आत काहीतरी पळतंय."

"करू की. ही माणसं जाऊ देत, लगेच करू. पाचच मिनिटं काढ, माझी बाय."

"अप्पा..."

"पाच मिनिटं."

भुवनानं डोळे मिटले. काशम्मांचे हात तिच्या पायावर थांबले होते. त्यांनी बापलेकीकडे आळीपाळीनं बघितलं.

गुरुबसप्पा परत बाहेर आले आणि त्यांनी पुन्हा टॉर्च हातात घेतला. अनिलकुमार आता भिंतीवरचा बोर्ड उघडत होता. "विचित्र आहे," तो म्हणत होता. "कूलर पूर्ण चांगला आहे. अर्थिंगही आहे. आणि त्या तर कूलरपासून लांब उभ्या होत्या, नाही का? मी समोरच होतो. त्यांचा हात..."

आतून किंकाळी आली. पहिलीपेक्षा मोठी. भांडं पडल्याचा आवाज झाला आणि निंगव्वांचा टाहो ऐकू आला, "अय्यो शिवने! एनायतु, काय झालं गं माझ्या लेकीला!"

अनिलकुमार हातात पकड घेऊन तसाच उभा राहिला. गोंधळून त्यानं गुरुबसप्पांकडे पाहिलं.

"पण मेन बंद आहे," तो म्हणाला. "काका, मेन तर बंद आहे. घरात कुठंच करंट नाही."

गुरुबसप्पांच्या हातातला उजेड बोर्डावरून घसरून जमिनीवर आला. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"वायरीत काही न्हाय," ते म्हणाले. "तुमी उगा शोधताय. तिच्या छातीत मशीन हाय. हृदयाचं. त्याचा झटका बसतोय तिला."

सिद्धप्पा म्हणाला, "काय बोलताय काय, दाजी?" चनमल्लप्पा खुर्चीतून उठले. अनिलकुमारनं मात्र एक शब्दही विचारला नाही. हातातली पकड तिथंच टाकली आणि तो आत धावला.

जिना अरुंद होता. अनिलकुमार आणि सिद्धप्पानं तिला उचलून खाली आणलं आणि पाहुण्यांच्याच गाडीत घातलं. शेजारपाजारची माणसं दारांत आली होती. मागच्या सीटवर काशम्मांनी भुवनाचं डोकं मांडीवर घेतलं, पलीकडून निंगव्वा बसल्या. पुढं अनिलकुमारशेजारी गुरुबसप्पा. चनमल्लप्पा आणि सिद्धप्पा मागे राहिले. रस्त्यात आणखी एक झटका बसला. भुवनाचा हात धरून बसलेल्या काशम्मांच्या हातालाही झिणझिणी आली आणि त्या "आई गं!" म्हणून दचकल्या. पण त्यांनी हात सोडला नाही. गुरुबसप्पा समोर रस्त्याकडे बघत बसले होते. मागे वळून बघायचा धीर त्यांना झाला नाही.

दवाखान्यात मॅडम आल्या, इंजेक्शनं झाली, पडदे ओढले गेले. बऱ्याच वेळानं मॉनिटरवरच्या रेघा जरा शहाण्यासारख्या चालू लागल्या. मग मॅडमनी सगळ्यांना खाटेजवळ घेतलं. भुवना दमून पडली होती, पण शुद्धीवर होती.

"सूज परत वाढलीय, आणि बरीच वाढलीय," मॅडम म्हणाल्या. "मला हेच कळत नाही. गोळ्या वेळेवर चालू होत्या ना?"

पलंगाच्या पायथ्याशी काशम्मा आणि अनिलकुमार उभे होते. भुवनानं वडिलांकडे बघितलं नाही. छताकडे बघत ती म्हणाली, "हो. वेळेवर घेत होते."

"म्हणजे गोळ्या चालू असताना वाढली." मॅडमचा चेहरा गंभीर झाला. "मग ही औषधं हिला पुरत नाहीत असा अर्थ होतो. आता फार कडक औषध द्यावं लागेल. त्याचे त्रासही तसेच असतात, पण इलाज नाही."

निंगव्वांनी पदराच्या आडून नवऱ्याकडे पाहिलं. गुरुबसप्पा गप्प होते. खरं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्या मुलानं मघाशी आपल्याला "घाबरू नका" म्हटलं होतं आणि तो इथंच उभा होता. एकाच दिवसात दुसऱ्यांदा त्याच्यासमोर उघडं पडायचं म्हणजे... मॅडम वळल्या आणि बाहेर गेल्या.

गुरुबसप्पांनी खाटेवरच्या भुवनाकडे पाहिलं. मग ते एकदम बाहेर धावले. मॅडम लिफ्टपाशी उभ्या होत्या. बरोबर दोन शिकाऊ डॉक्टर, एक नर्स, इतर पेशंटांची माणसं.

"मॅडम! मॅडम, थांबा. ती खोटं बोलतीय."

"काय?"

"गोळ्या बंद होत्या. मी बंद केल्या. आधी अर्ध्या केल्या, मग सगळ्याच. तिचं तोंड सुजत होतं... पाहुणे बघायला येणार होते, म्हणून. ती नको म्हणत होती. मीच पाकिटं कपाटात वर ठेवून दिली."

लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं. मॅडम गेल्या नाहीत.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?" त्या हळू बोलल्या, पण शेजारी उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं. "इतके दिवस घेतलेल्या गोळ्या अशा एकदम बंद केल्या तर नुसतं हृदयच नाही, सगळं शरीरच कोसळतं. ते मशीन नसतं तर आज तुम्ही मला भेटायला नाही, तिला न्यायला आला असता. आणि आत्तासुद्धा, आतमध्ये मी विचारलं तेव्हा तुम्ही गप्प बसलात. मी तिला नको ते औषध सुरू करणार होते."

"चुकलो मी."

"मला सांगून काय उपयोग," मॅडम म्हणाल्या आणि नर्सकडे वळून नव्या सूचना देऊ लागल्या.

गुरुबसप्पा मागे फिरले तेव्हा दारात काशम्मा उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या बाजूला झाल्या, त्यांना वाट दिली, आणि मुलाला म्हणाल्या, "चल अनिल, आपलं हितलं काम झालं."

भुवना वाचली. जुनंच औषध आधी नसेतून आणि मग गोळ्यांनी पुन्हा सुरू झालं. ठोके हळूहळू ताळ्यावर आले. घरी आल्यावर ती वडिलांशी कामापुरतं बोलायची. रागानं नाही, ओरडून नाही. "अप्पा, पाणी द्या." "अप्पा, खिडकी लावा." तेवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं गुरुबसप्पांना वाटायचं. पेठेत तर सगळ्यांना सगळं कळलंच होतं. दुकानात बोलणाऱ्या बायका ते आले की विषय बदलायच्या. ज्याची धास्ती त्यांनी एवढी घेतली होती ते सगळं घडून गेलं होतं. आणि त्यांच्या ध्यानात आलं की लोक भुवनाविषयी काही वाईट बोलतच नव्हते. बोलत होते ते त्यांच्याविषयी.

सिद्धप्पाचा फोन आला नाही. शेवटी गुरुबसप्पाच एका सकाळी एसटीनं मंद्रूपला गेले. बाजाराचा दिवस होता, रस्त्यात कांद्याच्या राशी होत्या. चनमल्लप्पांचं घर विचारत विचारत गाठलं. चनमल्लप्पा घरात होते, त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता, पण ते बाहेर आले नाहीत. अनिलकुमार ड्यूटीवर होता. काशम्मांनी पाणी दिलं, चहा दिला आणि समोर बसल्या.

"पोरगी कशी हाय?"

"बरी हाय आता." गुरुबसप्पांनी कप खाली ठेवला. "मी माफी मागायला आलोय. तुमच्या मुलाला मी खोट्या वायरी शोधायला लावल्या. त्याच्या हातात टेस्टर आणि माझ्या हातात टॉर्च... माझ्या डोळ्यांपुढनं जात न्हाय ते."

"अनिलला राग न्हाय. तो म्हणाला, घाबरलं आसंल माणूस."

मग त्यांनी, ज्यासाठी मनाच्या एका कोपऱ्यातून ते इथवर आले होते, ते विचारलंच. "मग... आजारामुळं का नको म्हणताय तुमी?"

काशम्मांनी पदर सारखा केला. "आजाराचं आमी बघून घेतलं आसतं. माझ्या सख्ख्या जावंला वर्सानुवर्सं दम्याचा त्रास हाय, ती काय टाकून दिली व्हय आमी? पोरगी तर मला लई आवडली. पण म्या स्वयंपाकघरात हुते ना, दाजी. छातीत तसलं चाललेलं आसताना तुमी पाच मिनिटं काढ म्हणालात आणि तिनं डोळं मिटून काढली. डॉक्टरीणबाईंनी इचारलं तवाबी तुमची लाज राखायला खोटं बोलली. उद्या आमच्या घरात तिला रातीअपराती काय झालं, तर ती आमाला सांगंल का? आमाला तरास नको म्हणून गप पडून राहील. तिला गप बसायची सवय तुमी लावलीय. मला त्याचं भ्या वाटलं, बास."

एखाद्यानं चार माणसांत शिव्या घातल्या असत्या तर गुरुबसप्पा उठून तरी आले असते. इथं उठताही येईना. काशम्माच शेवटी म्हणाल्या, "चहा गार झाला, दुसरा टाकते," आणि ते "नको, नको" म्हणत उठले.

एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. शेजारचा माणूस ऊन किती वाढलंय ते सांगत होता. गुरुबसप्पा मान डोलावत होते आणि एकीकडे त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. उपरण्यानं पुसावं तर शेजारच्याला दिसेल, म्हणून ते तसेच बाहेर बघत बसले. मग त्यांना स्वतःचीच किळस आली. त्यांनी उपरणं काढून तोंड पुसलं. शेजारचा गप्प झाला.

घरी आल्यावर त्यांनी भुवनाला सगळं सांगितलं. काशम्मांचे शब्द जसेच्या तसे, काही न गाळता. ती वह्या तपासत बसली होती. शाळेनं तिला घरी बसून करायचं काम दिलं होतं. शाळेला खरं कारण तिनं स्वतःच कळवलं होतं.

"बरोबर बोलल्या त्या," ती म्हणाली.

"माझं चुकलं, भुवना."

तिनं लाल पेन खाली ठेवलं. "अप्पा, तुमचं चुकलं ते मला माहीत आहे. मी हो म्हणाले ते का म्हणाले, ते मला कळत नाही. मी मोठी आहे, शिकलेली आहे. मेन बंद करून तो माणूस मला विचारत होता आणि मी म्हटलं, पत्र्याला. मला त्याचीच लाज वाटते. तुमच्या चुकीपेक्षाही जास्त." असं म्हणून तिनं परत पेन उचललं. गुरुबसप्पा खाली दुकानात गेले.

मग एका रविवारी सकाळी, गुरुबसप्पा आरशापुढं दाढी करत होते. एका गालाचा फेस काढून झाला होता, दुसऱ्यावर तसाच होता. भुवना दारात येऊन उभी राहिली. एक हात चौकटीला, एक छातीवर.

"अप्पा, मला बरं वाटत नाहीये. झटका नाही बसला. पण आत पळतंय. मला आत्ता जायचंय."

गुरुबसप्पांनी वस्तरा टाकला. सदरा शोधला नाही, टॉवेल घेतला नाही. बनियनवरच, अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून, तिचा दंड धरून ते जिना उतरले. निंगव्वा मागून चपला घेऊन धावल्या. रविवार असल्यानं सगळी पेठ दारात होती. रिक्षा थांबवताना त्यांचा आवाज असा फुटला की समोरच्या हॉटेलातली माणसं उठून बाहेर आली.

"काय झालं, गुरुबसप्पा?"

"हृदयाचा त्रास हाय तिला," ते रिक्षात चढता चढता ओरडले. "दवाखान्यात नेतोय!"

फार काही निघालं नाही. ठोके थोडे अनियमित होते, मॅडमनी एक गोळी वाढवली, दोन तास इथंच झोपू दे, मग घरी न्या म्हणाल्या. "वेळेवर आलात," एवढंच बोलल्या. नर्सनं गुरुबसप्पांना हळूच कापसाचा बोळा दिला आणि गालाकडे बोट केलं. त्यांनी वाळलेला फेस पुसला.

भुवना खाटेवर डोळे मिटून पडली होती. ते स्टूल ओढून बसले. तिचा हात हातात घ्यावा असं त्यांना फार वाटलं, पण तेवढा आपला हक्क उरलाय का हे त्यांना समजेना. म्हणून ते खाटेच्या कडेला हात ठेवून नुसते बसून राहिले. डोक्यावरच्या मॉनिटरवर हिरवी रेघ चालली होती, मध्येच एखादा ठोका चुकत, पुन्हा सावरत. ते तिच्याकडे बघत होते.